चौदावा रकाना

घशाच्या आणि तोंडाच्या रोग्यांचा वॉर्ड इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर होता. खाटा बावीस, खिडक्या सहा आणि दाराशी एक टेबल. त्या टेबलामागे सव्वीस वर्षे एकच बाई बसत आल्या होत्या. हुद्दा प्रमुख परिचारिकेचा. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. डॉक्टर बदलले, औषधे बदलली, भिंतींचा रंग तीनदा बदलला. मोठ्या सिस्टर तेवढ्या राहिल्या.

त्यांची कामाची एक रीत होती. रोग्याला कुशीवर वळवून पाठीला पावडर लावण्याचे काम कनिष्ठ परिचारिकेचे, पण ते त्या होता होईतो स्वतः करत. माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि मागून एक हात सावकाश फिरत असतो. समोरासमोर जे बोलवत नाही ते अशा वेळी भिंतीला सांगता येते. मेल्यावर माझे काय होणार, माझ्याच वाट्याला हे का आले, भावाशी अबोला धरला तो आता कोण सोडवणार, देव असेल तर तो इतका वेळ कुठे होता. मोठ्या सिस्टर उत्तरे देत नसत. "हं," म्हणत, "बोला," म्हणत, आणि हात थांबू देत नसत. टेम्परेचरच्या चार्टवर या बोलण्याची नोंद करण्याची सोय नव्हती आणि ती असावी असे त्यांना कधी वाटलेही नाही. ज्याची नोंद होत नाही ते आपले, अशी त्यांच्या मनाची समजूत होती. या समजुतीत सेवेचा भाग किती आणि मालकीचा किती, हे त्यांनी कधी तपासले नव्हते.

मग इस्पितळाने धोरण बदलले. रोग्याच्या शरीराबरोबर त्याच्या आतल्या प्रश्नांकडेही लक्ष द्यायचे, ते कोणाच्या स्वभावावर न सोडता रीतसर द्यायचे, असे ठरले. वॉर्डात दाखल होणाऱ्याचा जो कागद परिचारिका भरते, त्यात तेरा रकाने होते: वजन, उंची, कशाची ॲलर्जी, चष्मा, कवळी, झोप, पोट साफ होणे वगैरे. त्याला चौदावा जोडला गेला. 'आत्मिक गरज', आणि पुढे दोन चौकटी, 'आहे' आणि 'नाही'. खाली बारीक अक्षरात विचारायचा प्रश्न छापला होता: 'अशा काळात तुम्हाला कशाचा आधार वाटतो, आणि मनात काही अडून राहिले आहे का?' उत्तरावरून परिचारिकेने खूण करायची. 'आहे'वर खूण झाली की एक चिठ्ठी तळमजल्यावर जायची आणि तिथून एक बाई वर यायच्या.

या बाई पस्तिशीच्या होत्या. त्यांनी या कामाचे दोन वर्षांचे शिक्षण घेतले होते. त्या कोणत्याही पंथाच्या वतीने येत नसत; देव मानणाऱ्याजवळ त्या बसत तशा न मानणाऱ्याजवळही बसत. येताना घडीचे एक बुटके स्टूल घेऊन येत, कारण खुर्चीवर बसले की रोग्याला मान वर करून बोलावे लागते. वॉर्डातल्या आयामावशींनी दुसऱ्याच दिवशी त्यांचे नाव ठेवले: स्टूलवाल्या बाई.

हेवा हा शब्द मोठ्या सिस्टरनी स्वतःसाठी वापरला नसता. त्या म्हणत की बाईंना ड्रेसिंगच्या वेळा कळत नाहीत. त्या म्हणत की स्टूल वाटेत येते, एखादी मुलगी सलाईनची बाटली घेऊन अडखळायची. ही सगळी कारणे खरी होती, म्हणूनच ती फार उपयोगी पडत होती. पण स्टूलवाल्या बाई कोणत्या खाटेपाशी किती मिनिटे बसल्या हे मोठ्या सिस्टर घड्याळाकडे न पाहताही सांगू शकत होत्या. बाई यायच्या दिवशी अकरा नंबरच्या आजोबांनी केसांवरून फणी फिरवली, हे त्यांनी पाहिले होते. तीन वर्षे येऊन-जाऊन असलेल्या, गालाच्या आत गाठ असलेल्या एका शिक्षिकेला पाठ चोळताना त्यांनी नेहमीसारखे विचारले, की काय चाललंय मनात, तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, "ते कालच त्या बाईंशी बोलून झालं सिस्टर. आता तुम्ही नुसती पावडर लावा."

मोठ्या सिस्टरनी पावडर लावली. मग हात धुतले, आणि नळ बंद केल्यावरही बेसिनपाशी उभ्या राहिल्या.

आयामावशी तिथेच फडके पिळत होत्या. वॉर्डात त्यांची वीस वर्षे झाली होती, त्यामुळे त्यांना बोलायची मुभा होती. "तुमचं गिऱ्हाईक पळवलं की हो त्यांनी," त्या म्हणाल्या. "आणि स्टूल केवढंसं!"

चौदाव्या रकान्याचे जे झाले ते यानंतर. मोठ्या सिस्टरनी खोटी खूण कधी केली नाही. तसे त्यांना जमलेच नसते. त्या प्रश्न विचारत. फक्त छापलेला विचारत नसत. चादर सारखी करत, पांघरूण गळ्यापर्यंत ओढत त्या म्हणत, "आणि ते मनाचं वगैरे, तसलं काही नको ना तुम्हाला? मी आहेच." रोगी म्हणे, "नको नको." मग त्या 'नाही'वर खूण करत. आडवा पडलेला माणूस उभ्या असलेल्या माणसाला हवे ते उत्तर देतो, विशेषतः ज्याच्या हातात त्याचे पाणी, त्याची सुई आणि त्याचे भांडे असते त्याला. हे मोठ्या सिस्टरना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. नव्या मुलींना हेच त्या स्वतः शिकवत आल्या होत्या.

घरी नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीत त्याचे मशीन असे, आणि संध्याकाळी मोठ्या सिस्टर त्याच्यासमोर बसून दिवस उतरवून ठेवत. त्या दिवसांत रोज स्टूलवाल्या बाईंचे काही ना काही निघे. एकदा बोलण्याच्या ओघात आपण प्रश्न कसा विचारतो हेही त्यांनी सांगून टाकले. नवऱ्याने मशीनचा पायटा थांबवला.

"अगं, माप घेताना गिऱ्हाइकाला पोट आत घे म्हणून सांगायचं नसतं," तो म्हणाला. "कपडा शिवून होतो. पण तो घालतो कोण?"

"अहो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं."

"मला कपड्यातलं कळतं," असे म्हणून त्याने मशीन पुन्हा सुरू केले.

याच सुमारास सतरा नंबरच्या खाटेवर एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ दाखल झाले. चौतीस वर्षे ते कोर्टात शिपाई होते, आणि त्यांचे मुख्य काम पुकाऱ्याचे. दाव्याची वेळ झाली की कोर्टाच्या दारात उभे राहून पक्षकाराचे नाव मोठ्याने घ्यायचे, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यानंतरही कोणी आले नाही तर साहेब गैरहजेरी लावून दावा निकाली काढत. त्या माणसाचे काय व्हायचे ते मग त्याच्या पाठीमागे होऊन जाई. वॉर्डात सगळे त्यांना पुकारेवाले काका म्हणू लागले. त्यांच्या स्वरयंत्रात गाठ होती. ते अख्खे काढावे लागणार होते. गुरुवारी सकाळी नऊला. त्यानंतर श्वासासाठी गळ्याला भोक राहील आणि आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते. त्यांनी मान हलवली होती, एवढेच.

मोठ्या सिस्टरना ते फार आवडले. काका कुरकुर करत नसत, घोगऱ्या आवाजात विनोद करत, सुई टोचून घेताना "हजर आहे" म्हणत. चौदाव्या रकान्यापाशी त्यांनी नेहमीचा प्रश्न केला आणि काकांनी नेहमीचे उत्तर दिले. खूण झाली. त्यानंतरचे अठ्ठावीस दिवस, तपासण्या चालू असताना, त्या रोज त्यांची पाठ चोळत आणि वाट पाहत. इतर माणसे ज्या ठिकाणी येऊन बोलू लागत त्या ठिकाणापर्यंत काका यायचे, थांबायचे, आणि हवापाण्याचे काहीतरी बोलायचे. मोठ्या सिस्टरना वाटे, आज नाही तर उद्या. हा माणूस त्यांनी राखून ठेवला होता.

बुधवारी सकाळी राउंड संपल्यावर आयामावशी टेबलापाशी आल्या. त्या म्हणाल्या की सतरा नंबर आज तिसऱ्यांदा विचारतोय, त्या स्टूलवाल्या बाई माझ्याकडे का येत नाहीत. "मी म्हटलं, तुमच्या कागदावर नको म्हणून लिहिलंय काका. तर म्हणाला, माझ्याच कागदावर?"

मोठ्या सिस्टरनी पेन खाली ठेवले. पहिले जे मनात आले ते पश्चात्तापाचे नव्हते. काका अठ्ठावीस दिवस जे बोलले नाहीत ते त्या बाईसाठी ठेवले होते, हे आले. तिथून दुपारच्या दोनपर्यंतचा वेळ त्यांनी ज्या रीतीने घालवला त्याची त्यांना पुढे सर्वांत जास्त लाज वाटली. त्यांनी तळमजल्यावर चिठ्ठी पाठवली नाही. काकांची गळ्याची दाढी करायची होती, ती कनिष्ठ मुलीकडून काढून घेऊन त्यांनी स्वतः केली. स्पंज केला, चादर बदलली, पुन्हा पाठ चोळली. दर वेळी त्या बोलायला जागा करून देत होत्या, दर वेळी म्हणत होत्या, "बोला काका, काय असेल ते." आणि ज्या आवाजाला एक दिवस उरला होता त्यातले तास एकेक करून जात होते.

शेवटी काकाच वळले. भिंतीकडचे तोंड त्यांनी इकडे केले.

"सिस्टर, तुम्ही माझं तोंड पुसता, भांडं देता," ते म्हणाले. "तुम्हाला सांगितलं तर उद्यापासून तुमच्याकडे बघू कसा? ओळखीच्या माणसापुढे साक्ष होत नाही हो. परका लागतो."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या की उद्यानंतर लिहून सांगता येईल, पाटी देतात.

"लिहून नाही. जे झालं ते आवाजाने झालंय." ते थोडे थांबले, खोकले. "एक पुकारा मी दिला नाही. तिसरा. एका बाईचा होता. साहेबांना घाई होती आणि मला पण. एवढंच तुम्हाला सांगतो. पुढचं त्यांना बोलवा."

मोठ्या सिस्टर टेबलापाशी आल्या. बुधवार हा स्टूलवाल्या बाईंचा या इस्पितळातला दिवस नव्हता. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात असत. फोन करायचा तर स्वतः करावा लागणार होता आणि कारण सांगावे लागणार होते. दुसऱ्या कोणी चुकून खूण केली असे सांगण्याची सोय होती. कनिष्ठ मुलीने ते मुकाट्याने स्वतःवर घेतलेही असते. त्यांनी नंबर फिरवला.

"सतरा नंबरच्या चौदाव्या रकान्यात नाही म्हटलंय," त्या म्हणाल्या. "ते त्यांनी नाही म्हटलेलं. मी म्हणवून घेतलं. त्यांना आज तुमच्याशी बोलायचंय. उद्या त्यांचा आवाज जाणार."

मग बाई म्हणाल्या की चारपर्यंत पोहोचते, वॉर्डात नको, दार लागेल अशी एखादी जागा बघून ठेवा. बाकी काही विचारले नाही.

मोठ्या सिस्टरनी ड्रेसिंग रूम रिकामी करवली. चार वाजले. सव्वाचार झाले. बाई आल्या नव्हत्या, आणि मोठ्या सिस्टरच्या मनात एक बारीकसे, गोड असे काहीतरी हलले: बघा, वेळेवर येता येत नाही. काकांच्या आवाजाचा शेवटचा दिवस हातातून चालला असताना आपल्याला बरे वाटते आहे, हे त्यांच्या लक्षात आले, आणि आपण किती लांब आलो आहोत हे त्यांना प्रथमच दिसले. दुसऱ्याच्या दुःखाजवळ राहण्याची भूक इतकी वाढू शकते की त्या दुःखाचे काय झाले याच्याशी तिला देणेघेणे राहत नाही. त्या उठून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

चार वीसला बाई धापा टाकत वर आल्या. बस मध्येच बंद पडली होती, अर्धे अंतर त्या चालल्या होत्या, आणि स्टूल वृद्धाश्रमातच राहिले होते. मोठ्या सिस्टरनी स्वतःची खुर्ची उचलून ड्रेसिंग रूममध्ये नेऊन ठेवली. काकांना चाकाच्या खुर्चीतून आत सोडले, दार लावले, आणि दाराबाहेर त्या उभ्या राहिल्या. दोन डॉक्टरांना त्यांनी परत पाठवले. एकाने विचारले की आत काय प्रोसिजर चाललीय. त्या म्हणाल्या, "आहे एक. वेळ लागेल."

आतून बराच वेळ फक्त घोगरी कुजबुज येत होती. शब्द कळत नव्हते, आणि ते कळावेत अशी त्यांना इतकी इच्छा होत होती की त्या मुद्दाम दारापासून चार पावले दूर सरकल्या. मग आवाज आला. तो कुजबुजीचा नव्हता. एका बाईचे नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, कोर्टाच्या व्हरांड्याच्या शेवटच्या बाकापर्यंत जावे असे घेतलेले. थोडा वेळ शांतता, कोणी येते का हे पाहण्याइतकी. पुन्हा तेच नाव. पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा आवाज फाटला, पण नाव पूर्ण झाले.

वॉर्डातले बोलणे थांबले. आयामावशी फडके हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अठ्ठावीस दिवस मोठ्या सिस्टर त्या गळ्यात टॉर्च टाकून पाहत होत्या. त्यात एवढा आवाज आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

पन्नास मिनिटांनी दार उघडले. काकांचे डोळे सुजले होते. त्यांनी पाणी मागितले आणि ते सावकाश प्याले. बाईंनी केसपेपरवर एक ओळ लिहिली, की रुग्णाशी सविस्तर बोलणे झाले. मोठ्या सिस्टरना विचारायचे नव्हते, तरी तोंडून गेलेच, की काय म्हणाले ते.

"ते मला नाही सांगता येणार, सिस्टर."

"हो. ते बरोबरच आहे."

बाईंनी पेनाला टोपण लावले. मग त्यांनी विचारले, "अजून असे किती 'नाही' आहेत?" आवाजात आरोप नव्हता, असता तर मोठ्या सिस्टरना उत्तर देणे सोपे गेले असते.

"वॉर्डात आत्ता अकरा."

"मी शुक्रवारी सगळ्यांकडे जाऊ?"

"नाही. विचारायचं काम माझं आहे. मी पुन्हा विचारते. मग तुम्ही या."

गुरुवारी ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. शुक्रवारी सकाळी मोठ्या सिस्टर अकरा कागद घेऊन अकरा खाटांपाशी गेल्या. चादर ओढली नाही, पांघरूण नीट केले नाही. दोन्ही हातांनी कागद धरला आणि छापलेला प्रश्न छापला होता तसा वाचला. अवघड होते ते त्यानंतर गप्प राहणे. एक ट्रकचालक म्हणाला की मला कसला आधार, मला फक्त झोपू द्या, या मावशी पहाटेच लादी पुसायला लागतात. दोघांनी खरोखरच नको म्हटले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की सांगायचंय, पण तुम्हालाच, संध्याकाळी सवडीने या. आणि सहा नंबरची आजीबाई, जिची पाठ त्यांनी सर्वांत जास्त चोळली होती, प्रश्न ऐकून त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "आहे थोडं," ती म्हणाली. "पण त्या बाईंना सांगेन हं. तुम्ही रागावू नका."

"नाही रागावत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या. 'आहे'वर त्यांनी खूण केली. जुनी खूण त्यांनी खोडली नाही. तिच्याशेजारी तारीख आणि सही घातली, म्हणजे ती कोणाची होती हे वाचणाऱ्याला कळावे. इस्पितळाच्या मेट्रननी ते कागद पाहून त्यांना खोलीत बोलावले आणि पाच मिनिटे सुनावले. त्यांनी उभे राहून ऐकून घेतले.

पुढच्या मंगळवारी काका उशीला टेकून बसले होते. गळ्याला नळी, हातात पाटी. मोठ्या सिस्टर नळीभोवतीची पट्टी बदलत असताना त्यांनी खडूने काहीतरी लिहिले आणि पाटी फिरवली. मोठ्या सिस्टरना वाटले, पाणी हवे किंवा दुखते आहे. पाटीवर होते: 'त्या बाईंना सांगा, झोप लागते.'

त्यांनी ते दोनदा वाचले. मग "सांगते," म्हणून पट्टीची गाठ पूर्ण केली.

जेवणाच्या सुट्टीत त्या तळमजल्यावर गेल्या. बाईंच्या खोलीत त्या कधी आल्या नव्हत्या. औषधांच्या गोदामाशेजारची, खिडकी नसलेली खोली होती ती. जिना उतरताना त्यांच्या मनात आले होते की काकांची झोप सुधारली आहे असे आपण मोघम सांगावे, डॉक्टर सांगतात तसे. दारात उभ्या राहून त्यांनी पाटीवरचे शब्द जसेच्या तसे सांगितले. बाईंनी मान खाली घातली. मग आभार मानले.

वर जाताना दोन्ही मजले मोठ्या सिस्टरना हेवा वाटत होता. वॉर्डात पोचल्यावर त्यांनी नव्या दाखल झालेल्या रोग्याचा कागद घेतला आणि वजनापासून सुरुवात केली.